कर्करोगावरील लक्ष्यवेधी औषधे आणि मेडिसिनल केमिस्टचे काम : नोकरी आधी की पीएच.डी.?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. सांगलीजवळच्या एका महाविद्यालयात मी सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात शिकत आहे. कर्करोगावरील लक्ष्यवेधी औषधांच्या संशोधनात काम करावे अशी माझी मनापासून इच्छा आहे, परंतु त्या कामाचे खरे स्वरूप मला पाठ्यपुस्तकापलीकडे कुणी समजावून सांगितलेले नाही. जुनी केमोथेरपी झपाट्याने वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर आघात करते, आणि लक्ष्यवेधी औषध कर्कपेशीला जगवणाऱ्या एखाद्या विशिष्ट प्रथिनाला अडवते, एवढे मला कळते. ते प्रथिन जीवशास्त्रज्ञ शोधतात आणि चाचण्या डॉक्टर घेतात. मग मधल्या टप्प्यावरच्या रसायनशास्त्रज्ञाच्या, म्हणजे मेडिसिनल केमिस्टच्या, वाट्याला स्वतःचा विचार किती येतो, आणि दुसऱ्याने काढून दिलेला रेणू फ्लास्कमध्ये तयार करून देणे किती येते?

दुसरा प्रश्न व्यवहाराचा आहे. पुण्यातील एका कंत्राटी संशोधन कंपनीत मला नोकरी मिळण्यासारखी आहे आणि घरच्यांनाही तेच हवे आहे. माझ्या शिक्षकांचे मत मात्र नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन पीएच.डी. करावी असे आहे. या क्षेत्रातील अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

षट्कोन

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी इमॅटिनिब या रक्ताच्या कर्करोगावरील औषधाच्या उदाहरणाने देतो, कारण त्या रेणूचा जवळजवळ प्रत्येक भाग तिथे का आहे हे सांगता येते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात एक गुणसूत्र आखूड झालेले असते, हे १९६० साली फिलाडेल्फियात दिसून आले. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्यामुळे ते तसे होते, हे जॅनेट राउली यांनी १९७३ साली दाखवले. या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल नावाचे कायनेज, म्हणजे इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडून त्यांचे काम बदलणारे प्रथिन, तयार होते, जे कधी थांबतच नाही आणि पेशीला सतत वाढण्याचा संदेश देत राहते. इथपर्यंतचे काम जीवशास्त्राचे आहे. हे कायनेज अडवणारी, तोंडाने घेता येईल अशी गोळी कशी करायची, हा प्रश्न रसायनशास्त्रज्ञांचा होता.

बाझलच्या सिबा-गायगी कंपनीत, जी पुढे नोव्हार्टिसमध्ये विलीन झाली, युर्ग झिमरमान आणि त्यांचे सहकारी फेनिलअमिनोपिरिमिडीन या सांगाड्यावर काम करत होते. हा सांगाडा मुळात प्रोटीन कायनेज सी या वेगळ्याच प्रथिनासाठी हाती आला होता. त्याला पिरिडीनचे वलय जोडल्यावर तो पेशींमध्ये अधिक परिणामकारक झाला. अमाइड जोडल्यावर तो टायरोसीन कायनेजांनाही, म्हणजे बीसीआर-एबीएल ज्या गटात येते त्यांनाही, अडवू लागला. मग एका वलयावर, अमाइनच्या शेजारच्या जागी, एकच मिथिल गट बसवला आणि रेणूला असे वळण मिळाले की प्रोटीन कायनेज सीवरचा त्याचा परिणाम नाहीसा झाला आणि एबीएलवरचा टिकून राहिला. एका मिथिलने निवडकता मिळवून दिली, हे मला आजही विलक्षण वाटते. तरीही रेणू पाण्यात विरघळत नव्हता आणि पोटातून रक्तात पुरेसा जात नव्हता, म्हणून त्याला मिथिलपिपरॅझीनची शेपटी जोडण्यात आली. ती शेपटी वलयाला थेट न जोडता मध्ये एक कार्बन ठेवला, कारण थेट जोडणीतून अॅनिलीनसारखा भाग तयार होतो आणि अशा भागांपासून जनुकीय हानीची शंका असते. पुढे ब्रायन ड्रकर या अमेरिकी डॉक्टरांच्या पुढाकाराने १९९८ मध्ये रुग्णांवरील चाचण्या सुरू झाल्या आणि मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

यातला कोणता बदल यंत्रवत झाला असेल, तुम्हीच सांगा. जोर वाढवावा तर विद्राव्यता घटते, विद्राव्यता वाढवावी तर रेणू पेशीच्या पटलातून जात नाही, आणि दोन्ही साधावे तर यकृत त्याचे तुकडे करून टाकते किंवा हृदयाच्या पोटॅशियम मार्गिकेत तो अडकतो. कागदावर शेकडो रचना काढता येतात आणि हातात वेळ मोजक्याच रेणूंचा असतो. कोणता रेणू केला असता आपला अंदाज खरा की खोटा हे सर्वांत लवकर कळेल, हे ठरवणे म्हणजेच मेडिसिनल केमिस्टचा विचार. संश्लेषण त्या विचाराचे साधन आहे, पण ते साधन हातात पक्के बसलेले नसेल तर विचारही सोप्या रेणूंपुरताच राहतो.

काम इथेही संपत नाही. इमॅटिनिब घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये एबीएलच्या ३१५ व्या स्थानावरील थ्रिओनिन हे अमिनो आम्ल बदलून तिथे आयसोल्यूसिन येते. त्यामुळे प्रथिनावरील ज्या खाचेत औषध बसते तिथे त्याला धरून ठेवणारा हायड्रोजन बंध जातो आणि वाटेत अडथळाही उभा राहतो. २००६ साली आलेले डॅसॅटिनिबदेखील या बदलापुढे चालत नाही. २०१२ साली मान्यता मिळालेल्या पोनॅटिनिबमध्ये त्या अडथळ्याजवळून सरळ निघून जाणारा, तिहेरी बंधाचा बारीक दुवा बसवलेला आहे. त्याच्यासोबत रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा गंभीर धोका आला, म्हणून २०२१ साली आलेल्या ॲसिमिनिबने ती खाचच सोडून दिली आणि त्याच प्रथिनावरील दुसरी जागा धरली. एकाच प्रथिनावर रसायनशास्त्रज्ञांच्या दोन पिढ्या काम करत आहेत. ज्याला असे काम आवडते, त्याला हे क्षेत्र आयुष्यभर पुरते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की पीएच.डी. करावी, आणि ती शक्यतो अवघड संश्लेषणात करावी. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था), माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था हे पर्याय तुमच्या जवळचे आहेत. नेटमधून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. घरच्यांशी बोलताना हा आकडा उपयोगी पडावा.

काचनळी

मी पुण्यातच एका कंत्राटी संशोधन कंपनीत काम करते, त्यामुळे नोकरीची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. षट्कोन यांनी रसायनाबद्दल लिहिलेले सर्व योग्य आहे, पण घरची परिस्थिती नोकरीची असेल तर ती वाट कमी प्रतीची समजण्याचे कारण नाही.

सुरुवातीच्या काळात तुमच्या हाती ग्राहक कंपनीने पाठवलेल्या रचना येतील. अभिक्रिया लावणे, ती कुठवर आली हे टीएलसीच्या पट्टीवर पाहणे, कॉलम लावून पदार्थ वेगळा करणे, एलसीएमएसवर शुद्धता आणि एनएमआरवर रचना तपासून सांकेतिक क्रमांकाची कुपी पाठवणे, असा दिवस जातो. पुष्कळदा लक्ष्य असलेल्या प्रथिनाचे नावही सांगितले जात नाही. या कामात हात इतका तयार होतो की नंतर पीएच.डी.ला गेलेले माझे सहकारी प्रयोगशाळेत पहिल्या महिन्यापासून सफाईने काम करू लागले. मात्र हा काळ लांबला की माणूस तिथेच राहतो, आणि रेणू कशासाठी केला हे विचारण्याची सवय सुटते. ती सुटू देऊ नये.

मुलाखतीच्या वेळी एक प्रश्न अवश्य विचारावा : तयार केलेल्या रेणूंच्या जैविक चाचण्यांचे निकाल रसायनशास्त्रज्ञांना दाखवले जातात का? काही कंपन्यांमध्ये रचना ठरवण्यापासून प्राण्यांवरील चाचण्यांपर्यंत सगळे काम एकाच छताखाली चालते आणि साप्ताहिक बैठकीत कनिष्ठ केमिस्टलाही बसता येते. अशी जागा मिळाली तर नोकरी घ्यावी; दोन-तीन वर्षांत तुम्हाला बरेच काही दिसेल. निकाल दाखवतच नसतील, तर पगार थोडा जास्त असला तरी तिथे जाऊ नये असे मी म्हणेन.

मुलुंडवासी

वरच्या चर्चेत एक भर घालतो, कारण हा विषय आपल्याला वाटतो तितका परका नाही. पेशीविभाजन पुढे नेणाऱ्या सायक्लिन-आश्रित कायनेजांना (सीडीके) अडवणारा, मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचलेला पहिला रेणू, फ्लॅव्होपिरिडॉल, याचा उगम मुंबईत, हेक्स्ट इंडियाच्या मुलुंड येथील संशोधन केंद्रात झाला. डायसॉक्सिलम बायनेक्टॅरिफेरम या झाडापासून मिळालेल्या रोहितुकाइन या नैसर्गिक द्रव्याकडे तिथल्या संशोधकांचे लक्ष दाहशामक म्हणून गेले होते. त्याच्या क्रोमोन सांगाड्यावरील मिथिलच्या जागी क्लोरोफेनिल बसवून जो रेणू मिळाला, त्याने पुढे पेशीविभाजन रोखण्याच्या संशोधनाची एक दिशाच उघडली.

फ्लॅव्होपिरिडॉल या कुळातील अनेक कायनेजांना एकाच वेळी अडवत असे आणि बरीच वर्षे चाचण्या होऊनही ते नेहमीच्या वापरातले औषध झाले नाही. ज्या औषधाने हे लक्ष्य अखेर साध्य केले, ते पाल्बोसिक्लिब, फेब्रुवारी २०१५ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्य झाले. त्याच्या बाजूच्या साखळीत साध्या बेंझीन वलयाऐवजी पिरिडीनचे वलय घेतल्यामुळे ते सीडीके ४ आणि ६ यांच्यापुरते निवडक राहिले. कृष्णाकाठ, हे सांगण्याचा हेतू असा की या व्यवसायातील बहुतेकांनी तयार केलेला एकही रेणू औषधाच्या दुकानात पोहोचत नाही. मुलुंडच्या संशोधकांचाही तसा पोहोचला नाही, आणि तरी त्यांचे काम वाया गेले असे कुणीही जाणकार म्हणणार नाही. हे मनाला पटत असेल तरच या वाटेला यावे, असा माझा आग्रह राहील.

कृष्णाकाठ

तिघांचेही मनःपूर्वक आभार. काचनळीताई, निकाल दाखवण्याबद्दलचा प्रश्न मी पुढच्याच आठवड्यात विचारणार आहे, आणि नेटचा अर्जही भरणार आहे. एक शंका राहिली आहे. प्रथिनांच्या रचनांचे भाकीत करणाऱ्या संगणकीय पद्धतींना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. प्रथिनाची रचना संगणक सांगणार आणि खाचेत बसणारा रेणूही तोच सुचवणार असेल, तर मी हे शिकून पूर्ण करेपर्यंत या कामाची गरज उरेल का?

षट्कोन

शंका योग्य आहे, आणि तिला उत्तर म्हणून केआरएएसची हकीकत पाहावी. हे जनुक माणसाच्या कर्करोगाशी जोडलेले आहे हे १९८० च्या दशकाच्या आरंभापासून माहीत होते आणि त्याच्या प्रथिनाची रचनाही अनेकदा पाहिली गेली होती, पण औषध बसेल अशी खाच कुणाला दिसली नाही. २०१३ साली केव्हन शोकाट यांच्या गटाने, ज्या बदलात बाराव्या स्थानी ग्लायसिनऐवजी सिस्टीन येते, त्या सिस्टीनच्या गंधकाशी बंध जोडणारे छोटे रेणू वापरले. ते रेणू जोडले गेल्यावर प्रथिनाचा एक भाग सरकून जी खाच उघडली, ती आधीच्या रचनांमध्ये दिसतच नव्हती. त्या खाचेवर काम होऊन मे २०२१ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगासाठी सोटोरासिब मान्य झाले.

संगणकाचे भाकीत मी स्वतः रोज वापरतो आणि त्यामुळे न करण्याजोगे पुष्कळ रेणू तयार करण्याचे श्रम वाचतात. पण रेणू प्रत्यक्ष जोडल्यावर प्रथिन कसे वागेल, तो रेणू रक्तात किती तास टिकेल आणि तो मुळात तयार करता येईल का, हे प्रयोगशाळेतच कळते. नेटचा अभ्यास चालू असतानाच प्रोटीन डेटा बँक या प्रथिनरचनांच्या संग्रहातून इमॅटिनिब बसलेल्या एबीएलची रचना उतरवून घ्या. ती सर्वांना विनामूल्य मिळते. त्यात ३१५ व्या स्थानावरील थ्रिओनिन शोधा, मिथिल गट कुठे वळलेला आहे ते पाहा, आणि काही अडले तर इथेच विचारा.