मदत हवी आहे: स्विस चार्डच्या पानांवर नागमोडी रेषा

कुंडीत लाल-पिवळ्या देठांचं स्विस चार्ड (बिटाच्या कुळातली पालेभाजी) लावलंय. बी बिटासारखंच गाठाळ, एकेका दाण्यातून तीन-तीन रोपं आली. विरळणी जिवावर आली, पण केली. ऊन वाढल्यापासून दुपारी पानं मान टाकतात, संध्याकाळी पुन्हा ताठ. त्याची काळजी नाही. पण पानांवर पांढुरक्या नागमोडी रेषा उमटल्यात. एक पान उजेडात धरलं, तर पापुद्र्याच्या आत बारीक अळी सरकताना दिसली! नागअळीच ना ही? तशी पानं खुडतोय, तरी नव्यांवर येतेच. खायची भाजी, म्हणून विषारी फवारणी नको. निंबोळी अर्क आतल्या अळीपर्यंत पोचतो का, की पानामागची अंडीच रोज पुसावीत? आणि उन्हासाठी ५० टक्क्यांची (निम्मं ऊन अडवणारी) शेडनेट लावली, तर वाढ खुंटेल का?