ग्रे व्हेल किनाऱ्यावरून दाखवायचेत, आईला बोट लागते

गुहागरकर_फ्रीमाँट:
आई-बाबा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गुहागरहून आमच्याकडे कॅलिफोर्नियात येतायत, मेअखेरपर्यंत आहेत. २०२३ साली गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत रुतलं होतं, तेव्हा बाबा मुद्दाम बघायला गेले होते. ते शेवटी वाचलं नाही. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद, पाण्यातला, धडधाकट देवमासा एकदा बघायचाय. पण आईला जेट्टीवर उभं राहूनच बोट लागते. किनाऱ्यावरून खरंच दिसतात, की नुसतं पाणी बघून परत यायचं? आईचे गुडघेही दुखतात.

सांता_रोझाची_मावशी:
दिसतात की! फक्त पॉइंट रेयीसच्या दीपगृहाचा हट्ट धरू नका, तिथे ३१३ पायऱ्या आहेत आणि उतरलेल्या सगळ्या परत चढायच्या असतात. बोडेगा हेडला जा. गाडी थेट कड्याजवळ लागते.

वेळ चांगली साधलीत. जानेवारीत हे मेक्सिकोकडे जातात तेव्हा संख्या जास्त, पण बरेच जण लांबून जातात. एप्रिल-मेमध्ये आया पिल्लांना घेऊन अलास्काकडे परततात, सगळ्यांच्या मागून, सावकाश, किनारा धरून. ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, पिल्लांवर टपलेले असतात ना.

सकाळी नऊच्या आत पोचा. आम्ही पहिल्या खेपेला जेवूनखाऊन दोनला पोचलो. वारा सुटलेला, समुद्रभर फेस, आणि मला प्रत्येक फेसात व्हेल दिसत होता. आमचे हे अर्ध्या तासात गाडीत जाऊन झोपले.

दुर्बीण लगेच डोळ्याला लावू नका, तिच्यातून समुद्राचा एवढासा तुकडा दिसतो. आधी नुसत्या डोळ्यांनी फवारा शोधा. तीन-चार मीटर उंच, जाडसर, समोरून पत्त्यातल्या बदामासारखा. तीन ते पाच श्वास घेतात, शेपूट वर येते आणि तीन-पाच मिनिटं गायब. नेमके तेव्हाच लोक कंटाळून निघतात! तुम्ही नजर उजवीकडे, तिनेकशे मीटर पुढे न्या. पाठीवर पर शोधू नका, यांना नसतो.

फॉस्टर_सिटीवाला:
मावशी, हल्ली कमी झालेत पण. २०१६ च्या सुमारास २७,००० होते, २०२५ चा अंदाज १३,००० च्या आसपास. उत्तरेकडे खाणं कमी पडतंय म्हणतात. आम्हाला मार्चमध्ये तीन तासांत एक दिसला.

सांता_रोझाची_मावशी:
खरंय. म्हणून एका दिवसावर भिस्त नको, दोन शनिवार हाताशी ठेवा. आणि स्वेटर घ्या, एप्रिल म्हटला तरी तो गुहागरचा नव्हे.

गुहागरकर_फ्रीमाँट:
पहिला शनिवार धुक्यात गेला. गाडीत बसून दशम्या खाल्ल्या आणि घरी आलो.

काल परत गेलो. पावणेदहाला बाबांनी काही न बोलता नुसता हात वर केला. खडकांच्या अगदी जवळ एक मोठा फवारा आणि लगेच शेजारी एक चिमुकला. मावशी, तुम्ही सांगितलंत तसे बाबा श्वास मोजत होते, पण दोघांचे एकमेकांत मिसळले आणि हिशेब चुकला. मग उजवीकडे बघत बसलो, तर आणखी दोनदा वर आली जोडी. दुर्बीण सगळा वेळ आईकडे होती. ती माझ्या हाताला लागलीच नाही.