छोट्या साउंडबारवर संवाद कळत नाहीत: दोष बारचा की आपला?

माडाखाली (धागाकर्ता):
टीव्ही पातळ होत गेले, त्यांचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसले आणि घरातल्या वयस्कर माणसांना बोलणं कळेनासं झालं. त्यावर उपाय म्हणून दुकानदार हातभर लांबीचा साउंडबार (टीव्हीसमोर ठेवायचा आडवा, लांबट स्पीकर) पुढे करतो. आम्हीही देवगडच्या घरी तसाच एक आणला. आवाज वाढला, बास आला, पण संवाद काही कळेनात. माझं मत स्पष्ट सांगतो: दोन स्पीकरचा छोटा बार ही बोलणं ऐकण्यासाठी घ्यायची वस्तूच नाही, आणि ‘संवाद स्वच्छ ऐकू येतील’ असं सांगून ती विकणं बरोबर नाही.

वडील दशावताराचे जुने दर्दी आहेत. आता रात्रभर जत्रेत बसवत नाही, म्हणून यूट्यूबवर चित्रीकरणं बघतात. दशावताराला लिखित संहिता नसते. राजा आणि राक्षस समोरासमोर उभे राहून तिथल्या तिथे संवाद रचतात, आणि प्रेक्षक जागतो तो त्या शब्दांसाठी. आमच्या बारवर पखवाज खोलीभर घुमतो, झांज कानात घुसते आणि राजा काय म्हणाला ते वडील मला विचारतात. ‘सोडला’ म्हणाला की ‘तोडला’, एवढाही फरक कळत नाही.

कारण उघड आहे. स्वरांची ताकद खालच्या पट्टीत असते आणि ती भरपूर असते. शब्द ओळखू येतो तो मात्र व्यंजनांवरून. त, च, थ, फ, श यांचा जोर साधारण २००० हर्ट्झच्या वर, स तर ४००० च्याही पुढे, आणि मुळात ती क्षीण. या बारमध्ये जेमतेम दोन इंची स्पीकरची एक जोडी. वरचे सूर वेगळे काढणारा ट्वीटर नाही. त्याच इवल्या पडद्याला बासही हलवायचा आणि ‘स’ही काढायचा. वर दुकानात छाप पडावी म्हणून बास आणि झणझणाट आधीच चढवून ठेवलेला. मग मधलं बोलणं दबणारच.

खाडीपलीकडे:
सगळं खापर बारवर फोडू नका. बार पुढ्यात आलेलं वाजवतो. मुळात हल्ली आवाजाचं मिश्रणच थिएटरच्या हिशोबाने होतं. नेटफ्लिक्सच्या नियमात संवादांची सरासरी पातळी उणे २७ डेसिबलच्या आसपास ठेवायची असते (शून्य म्हणजे जास्तीत जास्त आवाज), आणि स्फोट, दरवाजे, संगीत यांना उणे २ पर्यंत जायची मुभा असते. म्हणजे कुजबूज आणि धमाका यांच्यात प्रचंड अंतर. घरी आपण कुजबुजीसाठी आवाज वाढवतो आणि धमाक्याला रिमोट शोधतो. यात बारने काय केलं?

दुसरं म्हणजे सेटिंग. ५.१ च्या (पाच स्पीकर आणि बाससाठी एक, प्रत्येकाचा वेगळा चॅनल) आवाजात संवाद जवळजवळ सगळे मधल्या चॅनलवर असतात. दोनच स्पीकर असले की तो मधला चॅनल ३ डेसिबलने उतरवून डाव्या-उजव्यात मिसळतात. मागच्या स्पीकरचा वारा-पाऊसही तिथेच येऊन पडतो. म्हणून आधी ॲपमध्ये ५.१ ऐवजी स्टीरिओ आवाज निवडा, टीव्हीचं डिजिटल आउटपुट पीसीएमवर (साधा, न दाबलेला आवाज) टाका, बारचा सराउंड मोड बंद करा (तो फेज उलटसुलट करून आवाज रुंद भासवतो, त्यात बोलणं पोकळ होतं), बास तीन-चार पायऱ्या खाली आणा, नाइट मोड (मोठे आवाज दाबून हळू आवाज वर आणणारा) लावा. हे करून मग बोला.

माडाखाली:
हे सगळं करून झालंय. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. आणि तुमच्याच म्हणण्यात माझा मुद्दा आलाय: मधला चॅनल आहे आणि त्याला वाजवायला मधला स्पीकर नाही. संवादाचं घरच काढून घेतलं, आणि वर ग्राहकाला सांगायचं की पाच मेनूंत शिरून जागा कर. शिवाय दशावताराच्या चित्रीकरणात ५.१ कुठून येणार? मांडवात कॅमेरा लावलेला, जो काही आवाज आला तो आला. नेटफ्लिक्सचे नियम तिथे लागू नाहीत. तरीही शब्द कळत नाहीत.

वेंगुर्ल्याचो:
आमच्याकडे पण ह्याच. आवशीक टीव्हीतला बोलणा समाजना नाय म्हणान गेल्या गणपतीत असोच बार हाडलो. आता आवाज रस्त्यापर्यंत जाता, पण बोलणा कळना नाय ता नायच.

खाडीपलीकडे:
माडाखाली, मांडवातलं चित्रीकरण हे उदाहरणच चुकीचं घेतलंत. कॅमेरा वीस फुटांवर, झांज माइकच्या शेजारी. झांजेचा आवाज नेमका व्यंजनांच्याच पट्टीत पडतो. जे माइकनेच नीट टिपलं नाही ते लाखाच्या स्पीकरवरही परत येणार नाही. वस्तूची परीक्षा करायची तर बातम्या लावा. तिथे निवेदिकेच्या गळ्याशी माइक असतो. बातम्या कळतात की नाही तेवढं सांगा.

माडाखाली:
बातम्या कळतात. पण बातम्या टीव्हीच्या मूळ स्पीकरवरही कळत होत्या. त्यासाठी पैसे घातले नव्हते.

सोल्डरवाला:
कुडाळला टीव्ही-ऑडिओ दुरुस्तीचं काम करतो, त्यातून सांगतो. घरोघरी जाऊन बघितलं तर बार शोकेसच्या कप्प्यात आत ढकललेला असतो. पुढे फुलदाणी, गणपतीची मूर्ती, जाळीवर विणलेला रुमाल. कप्प्याच्या तीन बाजू लाकूड, त्यात खालचे सूर घुमतात आणि वरचे सूर रुमालात अडकतात. बार बाहेर काढून टेबलाच्या अगदी कडेला आणा, पुढे काही ठेवू नका आणि तोंड किंचित वर, बसणाऱ्याच्या कानाकडे करा. मागच्या कडेपेक्षा पुढची कड थोडी उंच झाली की पुरे, पुढून खाली दोन रबरी तुकडे सरकवले तरी चालतं. इतकं केल्यावर बऱ्याच घरांत तक्रार निम्मी होते.

जोडणीही बघा. ब्लूटूथने जोडलात तर आवाज मागे पडू शकतो. ओठांची हालचाल आणि शब्द जुळले नाहीत की म्हाताऱ्या माणसाला आणखी कळत नाही, कारण ते नकळत ओठ वाचत असतात. एचडीएमआय एआरसी (एचडीएमआय केबलनेच टीव्हीचा आवाज बारकडे नेणारी सोय) वापरा. ही सोय २००९ पासून आहे, बहुतेक टीव्हींना असते. साधी ऑक्सची वायर असेल तर समुद्राजवळच्या घरात पिनेवर हिरवा थर चढतो, मग खरखर येते आणि एक बाजू जाते.

पण मूळ मुद्द्यावर मी माडाखालींच्या बाजूने आहे. उघडलेले बार हातात घेतोय. लहान बारमध्ये आत जागाच नसते. डावा-उजवा स्पीकर, खाली एक रबरी पॅसिव्ह रेडिएटर (बाससाठी नुसता हलणारा पडदा), संपलं.

पावसाळी गुहागर:
खोलीचा कुणी विचारच केला नाही. चिऱ्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा, वर स्लॅब, खाली टाइल्स, ना पडदे ना गालिचा. प्रत्येक शब्द चार ठिकाणी आपटून पुन्हा कानावर येतो आणि पुढच्या शब्दावर पडतो. आमच्या जुन्या कौलारू माजघरात तोच टीव्ही स्वच्छ ऐकू यायचा, कारण आवाज कौलांच्या फटींतून निघून जायचा. नव्या हॉलमध्ये घुमतो. समोरच्या भिंतीला जाड पडदा लावा, खाली सतरंजी टाका. बार बदलून काही होणार नाही.

आणि पाऊस! वर्षाला तीन हजार मिलिमीटर कोसळणाऱ्या पट्ट्यात राहतो आपण. पत्र्यावर सर वाजायला लागली की त्या आवाजात सगळ्या पट्ट्या असतात, आणि पहिली बुडतात ती व्यंजनं. शाळेच्या वर्गांसाठी असं धरतात की शिक्षकाचं बोलणं गोंगाटापेक्षा १५ डेसिबलने तरी वर हवं. जुलैत आमच्या पडवीत तेवढं वर जायचं तर ओरडावं लागतं.

माडाखाली:
आमच्या हॉलला पत्रा नाही, आणि मी मे महिन्यातलं सांगतोय. पडद्याचं पटतं, लावून बघतो. पण विकताना कुणी असं सांगत नाही की आधी सतरंजी घ्या, मग बार.

रत्नागिरीची ताई:
मी श्रवणतपासणीचं काम करते. इतका वेळ वाचतेय, पण वडिलांच्या कानांची तपासणी केली का हे कुणीच विचारलं नाही. वयाने येणाऱ्या बहिरेपणात आधी वरचे सूर जातात. माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. ‘ऐकू येतंय रे, पण काय म्हणतोय ते कळत नाही’ हे वाक्य त्याचंच लक्षण आहे. स आणि त यांची गल्लत तुम्ही स्वतःच लिहिली आहे. अशा वेळी घरचे लोक आवाज वाढवतात, त्यात स्वर वाढतात, व्यंजनं तिथेच राहतात आणि कान दुखायला लागतात. स्पीकर बदलण्याआधी ऑडिओमेट्री (कुठले सूर किती ऐकू येतात याची तपासणी) करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. गरज असेल तर श्रवणयंत्राने टीव्हीच नाही, नातवंडांचं बोलणंही कळेल. कानाचा प्रश्न वस्तू घेऊन झाकणं मला बरोबर वाटत नाही.

माडाखाली:
ताई, तपासणी करून घेऊ, हे मनापासून. पण मी चाळिशीच्या आतला आहे, बायकोही. आम्हालाही त्या बारवर संवाद कळत नाहीत आणि समोरासमोर सगळं कळतं. म्हणजे वडिलांचे कान हे पूर्ण उत्तर नाही. आणि ज्यांचे वरचे सूर गेलेत त्यांच्यासाठीच तर बोलणं नीट वाजवणारी वस्तू हवी.

खाडीपलीकडे:
किमतीचं पण बोला. सहा-सात हजारांच्या वस्तूकडून अपेक्षा किती ठेवायची? खोक्यावर २.० छापलेलं असतं. दोन म्हणजे दोनच स्पीकर. मधला हवा तर ३.१ (तीन स्पीकर आणि बाससाठी एक) घ्या, दुप्पट-तिप्पट पैसे पडतील. लोक वाचत नाहीत आणि मग फसवलं म्हणतात. आणि कंपन्या काहीच करत नाहीत असंही नाही. प्राइम व्हिडिओने २०२३ मध्ये फक्त संवाद उचलून देणारी सोय आणली.

माडाखाली:
ती सुरुवातीला आली निवडक इंग्रजी कार्यक्रमांवर. माझे वडील मराठी बघतात.

आणि २.० चं म्हणाल, तर त्या आकड्याशेजारी मोठ्या अक्षरांत ‘स्वच्छ संवाद’ असंही छापलेलं होतं. आकड्याचा अर्थ तुम्हाला कळतो, मला कळतो. देवगडच्या बाजारात पेन्शनच्या पैशातून बार घेणाऱ्या माणसाने शब्द वाचायचे की आकडा? दुकानात डेमोला नाचाचं गाणंच लावतात. दोन माणसं नुसती बोलताहेत असं काही कधी लावत नाहीत, कारण लावलं तर खपणार नाही. सात हजार कुणाला कमी असतील. आमच्याकडे एवढ्यात कुणाच्या तरी महिन्याभराच्या औषधांचा खर्च निघतो.

पावसाळी गुहागर:
डेमोचं शंभर टक्के खरं.

खाडीपलीकडे:
जाहिरातीच्या बाबतीत मी वाद घालत नाही. वस्तूच्या बाबतीत घालतो. हाच बार माझ्या आईच्या खोलीत आहे. दहा बाय दहाची खोली, पलंगापासून पाच फुटांवर, सराउंड बंद, आवाजाचा व्हॉइस मोड चालू. तिला मालिका नीट कळतात. जवळून ऐकायला लहान बार चांगला आहे. तो मोठ्या हॉलमध्ये पंधरा फुटांवरून ऐकायचा, ही त्याच्याकडून चुकीची मागणी आहे.

वेंगुर्ल्याचो:
मगे तीन स्पीकरवालो घेतलो तर आवशीक पावसात कळात काय, ता सांगा. आमचो पत्रो आसा.

सोल्डरवाला:
पत्र्याखाली जोराची सर आली की कुठलाच बार पुरत नाही, तीनवालाही नाही. तेवढ्या वेळापुरता आईला टीव्हीसाठीचा वायरलेस हेडफोन द्या, ज्याचा तळ टीव्हीला जोडतात तो. ब्लूटूथवाला नको. बाकी वर्षभरासाठी तीनवाला घ्यायला हरकत नाही, पण आईला दुकानात घेऊन जा आणि तिच्या रोजच्या मालिकेचा एखादा भाग मोबाइलवरून लावायला सांगा. दुकानदार ‘नंतर घरी लावून बघा’ म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.