मदत हवी आहे: फ्रोजन पराठे आणि हॅश ब्राऊन घरी नीट होतच नाहीयेत

जुळेसोलापूरकरीण
नमस्कार, जरा पटकन मदत हवीये. सोमवारपासून लेकाची सकाळची शाळा सुरू होतेय आणि मला आठला ऑफिस गाठायचं असतं, त्यामुळे डबा आणि नाष्टा दोन्ही ताजं करणं आता शक्य नाही. म्हणून सध्या फ्रोजनमधलं नवीन नवीन आणून बघतेय, मलबार पराठा, आलू पराठा, हॅश ब्राऊन (बटाट्याच्या किसाची टिक्की), व्हेज नगेट्स, वॉफल सुद्धा. लेकाला असलं नवीन काही चाखायला खूप आवडतं आणि खरं सांगायचं तर मलाही. पण घरी काहीच नीट होत नाही. पराठे एकमेकांना आणि मधल्या प्लॅस्टिकला चिकटतात, ओढून काढले की आकार जातो, तव्यावर पदर सुटत नाहीत, मधे कच्चं लागतं. हॅश ब्राऊन तर बाहेरून काळे आणि आतून ओले, उलटताना तुकडे पडतात. पार्क चौकाजवळ एका कॅफेत खाल्ले होते ते कसले कुरकुरीत होते! वेगवेगळ्या कंपन्यांचे आणून झाले, सगळ्यांचं तेच, त्यामुळे कंपनीचं नाव विचारू नका. काय करायचं तेवढं सांगा. आणि प्लीज, "घरीच करून ठेवा" हा सल्ला नको.

पेठेतला_खवय्या
तवा कुठला? गॅस मोठा की मंद? पराठा फ्रीझरमधून काढून थेट टाकता की आधी बाहेर ठेवता? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

सुगरण_आजी
अगं, नको म्हणालीस तरी सांगते. रविवारी कणीक मळून पराठे लाटायचे, दोन्ही बाजूंनी नुसता रंग बदलेपर्यंत शेकायचे, पूर्ण गार करायचे आणि मधे बटर पेपर घालून डब्यात भरून फ्रीझरला टाकायचे. सकाळी तव्यावर तूप सोडलं की झालं. माझ्या सुनेचं चार वर्षं असंच चालू आहे. गरम असताना मात्र डब्यात भरू नकोस, वाफेचं पाणी होतं आणि सगळे चिकटतात.

जुळेसोलापूरकरीण
आजी, पद्धत छान आहे पण माझा रविवार सासऱ्यांच्या दवाखान्यात जातो, म्हणून तर विकतचं आणतेय. खवय्ये, तवा नॉनस्टिक, गॅस मध्यम. पराठा अर्धा तास आधी काढून ठेवते, मऊ पडला की टाकते. जावेने तसंच सांगितलंय.

पेठेतला_खवय्या
हे बंद करा आधी. पराठा दगडासारखा असतानाच गरम तव्यावर पडला पाहिजे. त्याच्या पदरांमधे तूप किंवा वनस्पती असतं, ते घट्ट असेपर्यंत पदर वेगळे राहतात, तव्यावर कणकेतल्या पाण्याची वाफ होते आणि ती पदर उचलते. बाहेर अर्धा तास ठेवला की तूप पातळ होऊन कणकेत मुरतं आणि सगळा एक गोळा होतो. आणि नॉनस्टिक सोडून बिडाचा तवा घ्या, तो तापला की तापलेला राहतो. आधी कोरडा शेका, उलटल्यावर तेल सोडा.

कुमठानाका
खवय्ये, तुमचं मलबारला ठीक आहे, आलू पराठ्याला अजिबात नाही. बटाटा भरलेला जाड पराठा थेट टाकला की वरून डाग पडतात आणि मधे सारण थंडगार राहतं. मी पाच मिनिटं बाहेर ठेवूनच टाकतो, कधी अडलं नाही.

पेठेतला_खवय्या
पाच मिनिटं म्हणजे तुमच्याकडे डिसेंबरात. आत्ता सोलापुरात पाच मिनिटांत काय होतं ते ओट्यावर ठेवून बघा. आच कमी करून वर झाकण ठेवायचं, सारण आपोआप तापतं. पाकिटावर पण वितळवू नका असंच लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही.

कुमठानाका
झाकण ठेवलं की वाफ धरतो आणि चामट होतो. मी खाल्लेत तसले, म्हणून सांगतोय.

पेठेतला_खवय्या
शेवटचं मिनिट झाकण काढायचं असतं हो.

जुळेसोलापूरकरीण
तुमचं दोघांचं होऊ द्या, पण मला थेट टाकताच येत नाहीत ना! फ्रीझरमधून काढते तेव्हाच ते वाकतात, दगडासारखे नसतातच मुळी. नगेट्सचं पाकीट पण एकच ढेकूळ झालेलं असतं.

थंडहवा
ताई, हे आधी सांगायचं की. मग तव्याचा प्रश्नच नाही हा. माझं आईस्क्रीमचं दुकान आहे, दिवसभर हेच बगतो मी. तीन गोष्टी सांगा. फ्रीज एका दाराचा की दोन दारांचा? फ्रीझरमधे आईस्क्रीम ठेवलं तर घट्ट राहतं का मऊ पडतं? आणि पाकीट दुकानातून घरी यायला किती वेळ जातो?

वाचनमात्र_होतो
फ्रीजचा प्रश्न असेल तर किती स्टारचा आहे ते पण सांगा. आमचा पाच स्टारचा आहे, काही त्रास नाही.

थंडहवा
दादा, ते स्टार विजेच्या बचतीचे. दारावरचं लेबल बीईईचं, म्हणजे सरकारच्या ऊर्जा बचत खात्याचं असतं, त्याचा फ्रीझर किती गार होतो याच्याशी काही संबंध नाही. फ्रीझरचे स्टार वेगळे, ते फ्रीझरच्या झडपेवर किंवा माहितीपुस्तकात छापलेले असतात. एक म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. फ्रोजन पाकिटावर उणे १८ लिहिलेलं असतं म्हणजे तीनवाला फ्रीझर पाहिजे. दोनवाल्यात माल खराब होईलच असं नाही, पण महिनोन्महिने ठेवायचा नाही, आणून लवकर संपवायचा.

वाचनमात्र_होतो
अरे हे माहीतच नव्हतं, आत्ता उठून बघितलं, आमच्या झडपेवर दोनच आहेत.

कॉलेजकट्टा
एवढा खटाटोप करण्यापेक्षा एअर फ्रायर घ्या ना काकू. हॅश ब्राऊन एकावर एक न ठेवता दोनशेवर पंधरा मिनिटं, मधे एकदा उलटायचा, हॉटेलसारखा होतो. आणि ब्रेकफास्टला बाहेर खायचंच असेल तर मुंबईला जाल तेव्हा मॅकडोनाल्ड्सचा सकाळचा मेनू खाऊन बघा, मामाकडे गेलो की आमचा नाष्टा तिथेच. २०१७ ला त्यांनी मसाला डोसा बर्गर काढला होता, पावात डोशाची भाजी, मला खूप आवडलेला. हॅश ब्राऊन पण भारी असतो. इथे कुणी नवीन काही ट्राय केलंय का, विजापूर रोडला कुठे काय सुरू झालंय?

सुगरण_आजी
डोशाची भाजी पावात घालायची तर ती पावात बटाटावडाच झाली की रे. सकाळी उठून कडक भाकरी दुधात चुरून खावी, फ्रीज लागत नाही, लाईट लागत नाही.

जुनी_पाने
विषय निघालाच आहे तर लिहितो. क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाचा अमेरिकन माणूस आत्ताच्या कॅनडातल्या लॅब्राडॉरला राहत होता, तिथल्या इन्युइट लोकांनी पकडलेला मासा कडाक्याच्या थंडीत क्षणात गोठायचा आणि नंतर शिजवला तरी ताज्यासारखा लागायचा, ते त्याने पाहिलं. गोठणं जितकं झटपट तितके बर्फाचे कण बारीक, मग पदार्थाच्या पेशी फुटत नाहीत. हळू गोठलं की कण मोठे होतात, पेशी फाटतात आणि वितळल्यावर पाणी सुटतं. १९३० मधे मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला त्याच्या पद्धतीचा फ्रोजन माल पहिल्यांदा दुकानांत विकायला ठेवला गेला. वॉफलचा उल्लेख आहे म्हणून हेही, कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या डोर्सा बंधूंनी १९५३ ला फ्रोजन वॉफल आणले, नाव होतं फ्रॉफल्स, १९५५ पासून त्याचंच एगो झालं.

जुळेसोलापूरकरीण
माहिती चांगली आहे पण सोमवार जवळ आला हो. थंडहवा, उत्तरं लिहिते. फ्रीज एका दाराचा, फ्रीझरमधे वर बर्फ साचलेला असतो नेहमी, झडपेवरचे स्टार पुसट झालेत. आईस्क्रीम घट्ट राहत नाही, चमचा सहज जातो. सामान सात रस्त्याजवळच्या एका दुकानातून आणते, ऑफिस सुटलं की, मग लक्ष्मी मार्केटला भाजी, मग साखर पेठेत आईकडे चहा, मग घरी. दुपारी कधी कधी लाईट जाते. यात काय विशेष आहे? सगळेच असं आणतात.

थंडहवा
ताई, आता सगळं कळलं. दुकान ते घर दोन तास तर सहज जात असतील, बाहेर चाळीस अंश, स्कूटीच्या डिकीत त्याहून जास्त. माल वितळून घरी येतो, मग तुमच्या फ्रीझरमधे हळूहळू परत गोठतो, वर जुनी_पाने यांनी सांगितलं तेच होतं, मोठा बर्फ, पाणी सुटणं. हॅश ब्राऊन कारखान्यात अर्धा तळून गोठवलेला असतो, त्याच्यात हे पाणी आलं की तेल थंड पडतं, कवच धरायच्या आत तो फुटतो, तुम्ही आच वाढवता आणि वरून करपतो. पराठ्याचं पण तेच.

आता असं करा. फ्रोजन माल सगळ्यात शेवटी घ्यायचा आणि तडक घरी. मार्केट आणि आई आधी. जाड थर्मोकोलचा डबा किंवा ती चंदेरी आतून असलेली पिशवी, तिच्यात फ्रीझरमधे गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या. दुकानात पाकीट हलवून बगायचं, नगेट्स, मटार सुटे वाजले पाहिजेत. ढेकूळ लागलं किंवा आत बर्फाचे खडे दिसले की ठेवून द्यायचं, तो माल आधीच एकदा वितळलाय. घरचा फ्रीझर आधी रिकामा करून बर्फ काढा, डिफ्रॉस्टचं बटण असतं, सुरीने खरवडू नका, गॅसची नळी फुटते. बर्फाचा थर अर्ध्या सेंटीमीटरवर गेला की थंडावा नीट पोचत नाही. बटण जास्त गारव्यावर करा आणि आठवड्यापुरताच माल आणा.

अजून एक. वाटीभर पाणी फ्रीझरमधे पूर्ण गोठवा, वर एक रुपयाचं नाणं ठेवा. संध्याकाळी नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं तर समजायचं दुपारी सगळं वितळून परत गोठलं. मग कुणाला विचारायलाच नको.

पेठेतला_खवय्या
+१ नाण्याची युक्ती मस्त. पण बिडाचा तवा घ्याच.

लेबल_वाचा
सगळे कसं करायचं सांगताय, काय खातोय ते कुणी बघतंय का? पाकिटावर पुढे गव्हाचं चित्र असतं, मागे घटकांची यादी वाचा. नियमाने जो घटक सर्वात जास्त तो पहिला लिहावा लागतो, आणि बऱ्याच पराठ्यांत पहिला शब्द मैदा असतो. मीठ पण बघा. जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटची (हृदयाला घातक चरबीची) मर्यादा २ टक्के झाली हे चांगलं झालं, पण म्हणून रोज लहान मुलाला द्यायचं असं नाही.

जुळेसोलापूरकरीण
रोज देत नाहीये, आठवड्यातून दोनदा. बाकीचे दिवस उप्पीट, पोहे, भाकरी असतंच घरात. आणि यादी वाचून पहिलं गव्हाचं पीठ असलेलेच पराठे आणते.

नवीन_सदस्य_सोलापूर
मधेच विचारतो, आमच्याकडे चिकन नगेट्स असतात आणि काल दुपारी बराच वेळ लाईट नव्हती, परत गोठलेत आता, खायचे का?

थंडहवा
हात लावला तेव्हा आत बर्फ शिल्लक होता का? बर्फाचे कण असतील तर चालतं, चव थोडी जाते. पूर्ण मऊ आणि कोमट झाले असतील तर टाकून द्या, वास बगून ठरवायचं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सूचना आहेत, असला माल बाहेर दोन तासांच्या वर नको, आणि ३२ अंशांच्या वर हवा असेल तर एकच तास. आपल्याकडे मे महिन्यात सकाळी नऊलाच ३२ ओलांडतं. लाईट गेली की दार उघडायचं नाही. वेगळा मोठा फ्रीझर भरलेला असेल तर ४८ तास धरतो, अर्धा असेल तर २४. एका दाराच्या फ्रीजमधल्या छोट्या कप्प्यावर तेवढा भरवसा ठेवू नका.

नवीन_सदस्य_सोलापूर
मऊ होते पूर्ण. टाकतो मग.

जुळेसोलापूरकरीण
अपडेट. फ्रीझरचा बर्फ काढला, नाणं ठेवलं, वरच राहिलं. काल संध्याकाळी आईकडून निघाल्यावर शेवटी दुकानात गेले, बाटल्या घालून पिशवी नेली, पाकीट हलवून घेतलं. आज सकाळी हॅश ब्राऊन थेट तेलात, तेल चांगलं तापवून, खालून रंग येईपर्यंत हातच लावला नाही. एकसुद्धा तुटला नाही, आवाज होईल असे कुरकुरीत! मलबार पराठ्याचे पदर सुटले, प्लॅस्टिक अलगद निघालं. आलू पराठा मात्र मधे अजून जरा थंड लागला, झाकण ठेवूनही. थंडहवा, खूप खूप धन्यवाद.

कुमठानाका
आलू पराठ्याचं मी म्हणालो होतो.

पेठेतला_खवय्या
नॉनस्टिकवर केला असेल. आच अजून कमी करून दुप्पट वेळ द्या.

कॉलेजकट्टा
काकू वॉफलचं काय झालं ते सांगितलंच नाही. टोस्टरमधे घातले का?

जुळेसोलापूरकरीण
टोस्टर नाहीये, तव्यावरच मंद आचेवर दोन्ही बाजूंनी, तूप न घालता. मध आवडला नाही लेकाला, गोड नको म्हणाला. मग त्या खळग्यांत दही आणि शेंगा चटणी भरली, तर दोन संपवले आणि डब्यात पण हेच दे म्हणतोय. डब्यात चार तासांत मऊ पडतील ना? कुणी नेलेत का?