मदत हवी आहे: मणक्यावर पॅड लावून करंट द्यायचं मशीन कोल्हापुरात कुठं मिळेल?

पंचगंगाकाठ: धाकटा भाऊ स्लॅबवरून पडला, ऑपरेशन झालं, पाय हलत नाहीत. आता नुसते कातडीवर पॅड चिकटवून मज्जारज्जूला करंट देतात आणि हालचाल परत येते असे व्हिडिओ बघितले. इथला एक दुकानदार मशीन आहे म्हणतोय, ॲडव्हान्स मागतोय. घेऊ का? लवकर सांगा.

राजारामपुरीकर: घेऊन टाका. माझ्या गुडघ्याला टेन्सच्या करंट मशीननं लई फरक पडला.

फिजिओताई: पैसे देऊ नका अजून. टेन्स दुखणं कमी करायला असतं दादा, इथं प्रश्न वेगळाय. मार कितव्या मणक्याला? इजा पूर्ण की अर्धवट? लघवी-संडासची जाणीव आहे का?

पंचगंगाकाठ: पाय हलत नाहीत सांगितलं की. मशीनचं सांगा.

उसाचा_फड: भावा, तेल गरम करून रोज मालिश कर, आमच्या गावात एकजण उठून बसला.

फिजिओताई: जाणीव नसलेल्या पायाला गरम काही लावू नका, भाजलं तरी कळत नाही त्याला! पॅडचंही तेच.

परदेशी_कोल्हापुरी: व्हिडिओ बहुतेक आर्क-एक्सचा असणार, कातडीवरून मज्जारज्जूला करंट देणारं मशीन आहे ते. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, पण ती हातांसाठी, मानेत अर्धवट इजा असलेल्यांना. ६० जणांवर अभ्यास झाला, ७२ टक्क्यांच्या हाताची ताकद आणि काम दोन्ही सुधारलं, आणि ते पण सोबत व्यायाम घेऊनच. पायांसाठीची मंजुरी नव्हती ती.

रंकाळा_वॉक: यूडीआयडी म्हणजे अपंगत्वाचं कार्ड काढलं का? सीपीआर हॉस्पिटलला चौकशी करा, पुढं उपयोगी पडतं.

पंचगंगाकाठ: कार्डचं नंतर बघू. रिपोर्टवर डी १२ लिहिलंय. पाय एकदम लुळे आहेत.

फिजिओताई: हेच पहिल्यांदा पाहिजे होतं. डी १२ म्हणजे पाठीचा बारावा मणका, त्याच्याजवळ मज्जारज्जूचा शेवटचा भाग येतो, तिथं मार बसला की बऱ्याचदा स्नायूला जाणाऱ्या नसाच जातात, मग साध्या मशीननं स्नायू आखडतच नाही, कितीही करंट वाढवा, कातडी मात्र भाजते.

उसाचा_फड: मग आमच्या मेव्हण्याचे पाय करंटवर सायकल कसे मारतात?

फिजिओताई: त्यांचा मार वरचा असेल, पाय ताठ होत असतील. तिथं एफईएस, म्हणजे करंट देऊन स्नायू हलवणं, चालतं कारण खालच्या नसा शाबूत असतात. प्रत्येकाला नाही चालत.

राजारामपुरीकर: ताई सगळ्यालाच नाही म्हणताय, पोराची आशा तरी राहू दे.

फिजिओताई: आशा मोडत नाही हो, पैसे आणि कातडी वाचवतेय. आधी आशिया ग्रेड, म्हणजे इजा किती पूर्ण की अर्धवट ते सांगणारी श्रेणी, आणि नसांची तपासणी करून घ्या, मग मशीनचं ठरवू. तोवर दर दोन तासांनी कूस बदला, पडून पडून कातडीला जखम म्हणजे बेडसोर झाला तर सगळाच व्यायाम थांबतो.

पंचगंगाकाठ: कमरेखाली लालसर झालंय थोडं. हा आशिया ग्रेड डिस्चार्ज कार्डवर कुठं असतो? सापडेना.

फिजिओताई: लाल झालंय तिथं भार अजिबात देऊ नका, आजच डॉक्टरांना दाखवा. ग्रेड कार्डवर नसला तर तेच तपासून सांगतील.