लिटिल चॅम्प्ससारख्या स्पर्धेची ऑडिशन: पट्टी, गाणं, रेकॉर्डिंग कसं ठरवायचं? (मुलगी ११ वर्षं, लातूर)

मांजराकाठ:
भाची ११ वर्षांची आहे. गांधर्व मंडळाची प्रवेशिका प्रथम झाली, क्लासात पेटीवर काळी चारमध्ये (सप्तकातली चौथी काळी पट्टी सा धरून) गाते. सध्या घरात झी मराठीचं २००८-०९ चं 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स' यूट्यूबवर बघणं चालू आहे. रोहित राऊत आपल्या लातूरचा, त्यामुळं त्याच्या गाण्यांना पहिला मान. आता लेकरू स्वतःच ऑडिशन द्यायची म्हणायलंय. जाणकारांना विचारायचं ते असं:

कराओके ट्रॅकवर गायली की वरचे सूर ताणले जातात, क्लासात तसं होत नाही. मग पट्टी कशी ठरवायची? गाणं कसलं निवडावं, शास्त्रीय अंगाचं की टाळ्या घेणारं? मोबाईलवर व्हिडिओ केला तर आवाज घुमतो, त्याला उपाय काय? आणि निवड झालीच तर शाळा, मुंबई, कागदपत्रं हे कसं असतं?

काळी_पाच:
ताई, पट्टीपासून, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा तिथपासून सुरुवात करू, कारण निम्म्या ऑडिशन तिथंच हातच्या जातात.

मूळ ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत असतो, तुमच्या भाचीच्या नाही. आधी तिच्या आवाजाची हद्द मोजा. झोपेतून उठल्या उठल्या नको. दहा-पंधरा मिनिटं सा आणि अलंकार झाल्यावर. पेटीवर काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून एकेक पट्टी खाली उतरा. ज्या सुरावर 'आ' सात-आठ सेकंद न विझता टिकतो, तो तिचा खालचा सूर. मग तसंच एकेक वर चढा. वरचा सूर मोजताना मात्र 'आ' वर मोजू नका, गाण्यातला शब्द म्हणायला लावा. ज्या सुरावर शब्द स्वच्छ ऐकू येतो आणि हनुवटी वर उचलली जात नाही, तो वरचा. किंचाळून निघणारा सूर हिशेबात धरायचा नाही.

समजा खाली पेटीच्या खालच्या सप्तकातली पांढरी पाच निघाली आणि वर पेटीच्या वरच्या सप्तकातली पांढरी दोन. दोन्हींमधलं अंतर १९ पट्ट्या. आता गाण्याचं अंतर काढा. एखादं गाणं मंद्र (सा च्या खालच्या) पंचमापासून तार (वरच्या) सप्तकातल्या शुद्ध गंधारापर्यंत जात असेल तर ते २१ पट्ट्यांचं झालं. ते या आवाजात कुठल्याच पट्टीत बसणार नाही. खाली केलं तर पंचम जाईल, वर केलं तर गंधार. असं गाणं कितीही लाडकं असलं तरी बाजूला ठेवा. तेच गाणं मंद्र शुद्ध निषादापासून तार गंधारापर्यंत असेल तर १७ पट्ट्यांचं झालं. ते काळी चार, पांढरी सहा आणि काळी पाच या तिन्हींत बसतं. यातली काळी चार घ्यावी, म्हणजे वर दोन पट्ट्या शिल्लक राहतात. घाबरल्यावर आवाजाचा आधी वरचाच सूर जातो, म्हणून शिल्लक नेहमी वरच्या बाजूला हवी.

ट्रॅकची पट्टी ॲपवर बदलता येते. एक-दोन पट्ट्यांपर्यंत चालतं. तीन-चारच्या पुढं गेलात की तबला डबा वाजवल्यासारखा होतो, बासरी पातळ होते आणि मुलं त्या विचित्र आवाजामागं सूर शोधत बसतात. पुरुष गायकाचं गाणं मुलीला बहुतेक वेळा चार ते सात पट्ट्या वर लागतं. तिथं ट्रॅकचा नाद सोडा; गावातल्या कीबोर्डवाल्याकडून तिच्या पट्टीत साधा ट्रॅक करून घ्या, नाहीतर नुसत्या तानपुऱ्यावर गाऊ द्या. पहिल्या फेरीत बऱ्याच ठिकाणी बिनसाथीचंच मागतात, तेव्हा अर्ज नीट वाचा.

आणखी एक. ट्यूनर ॲप लावून क्लासच्या पेटीची मधल्या सप्तकातली पांढरी सहा वाजवा, ४४० दाखवायला पाहिजे. जुन्या पेट्या थोड्या वर-खाली असतात. रोज ४४५ च्या पेटीवर गाणारं लेकरू ४४० च्या ट्रॅकवर सतत किंचित चढं लागतं, आणि दोष त्याच्या कानाला दिला जातो. रियाज तानपुरा ॲपवर करा, तोही ४४० लाच लावलेला आहे ना ते बघून.

गोदाकाठ:
गाण्याच्या निवडीबद्दल तो २००८-०९ चा हंगाम बारकाईनं ऐकण्यासारखा आहे. शेवटच्या फेरीत पाच जण होते आणि पाचांची गायकी पाच तऱ्हेची. कार्तिकी गायकवाड आळंदीची, तिचं अंग भजनाचं आणि लोकगीताचं, ती विजेती झाली. प्रथमेश लघाटे रत्नागिरी जिल्ह्यातला, त्याचं नाट्यगीत आणि अभंग. आर्या आंबेकर पुण्याची, शास्त्रीय बैठकीतून आलेलं भावगीत. मुग्धा वैशंपायन अलिबागची, सगळ्यात लहान. आणि आपला रोहित, त्याचा कल सिनेमाच्या जोरकस, तालबद्ध गाण्यांकडं. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक होते. प्रत्येकानं आपल्या आवाजाला साजेसं हत्यार निवडलं होतं, म्हणूनच पाचही लक्षात राहिले. म्हणून 'शास्त्रीय की टाळ्यांचं' या प्रश्नापेक्षा तिचा आवाज कुठल्या गाण्यात सगळ्यात मोकळा होतो हे आधी बघा. रोहित लातूरचा म्हणून लातूरच्या प्रत्येक लेकरानं त्याच्यासारखं गायचं असं नाही.

तीन गाणी तयार ठेवा. एक भावगीत किंवा सिनेमातलं, एक भक्तीचं किंवा लोकसंगीतातलं, एक द्रुत लयीचं. परीक्षक 'दुसरं काही?' असं विचारतात तेव्हा पहिल्यासारखंच दुसरं गायलं तर आवाजाची एकच बाजू दिसते. मराठवाड्याच्या लेकराला भक्तीच्या गाण्यासाठी लांब जावं लागत नाही. गंगाखेडच्या जनाबाई, नर्सीचे नामदेव, पैठणचे एकनाथ घरचेच. तुळजाभवानीचा गोंधळ आहे. फक्त गोंधळ घेतला तर ओरडणं आणि जोर यातला फरक क्लासातल्या गुरुजींकडून घासून घ्या. संबळाच्या लयीवर मुलं दुसऱ्या कडव्याला पळायला लागतात. त्यावर उपाय म्हणजे टाळ्या देत, ठाय (संथ) लयीत, तेच कडवं रोज पाच वेळा.

वेळ साधारण ६० ते ९० सेकंद मिळतो. सुरुवातीचा वाद्यांचा तुकडा गाळा, लांब आलाप गाळा. ध्रुवपद एकदा, जास्तीत जास्त दीड वेळा. लगेच ज्या अंतऱ्यात वरचा सूर आहे तो. मग ध्रुवपदावर येऊन संपवा. चांगली जागा (कसबाची हरकत) दुसऱ्या अंतऱ्यात असेल तर सरळ दुसरा अंतरा घ्या, पहिला गायलाच पाहिजे असं काही नसतं. घड्याळ लावून बघा, ऐन जागेच्या आधी 'थँक यू' ऐकायला लागू नये.

शब्दांकडं आपल्या भागात सगळ्यात जास्त लक्ष द्यावं लागतं. 'पाणी' चं 'पानी' होतं, 'सुख' चं शेवटी 'सुक', 'ओठ' चं 'ओट'. चंद्रातला च आणि चाकातला च वेगळा, जीवनातला ज आणि जात्यातला ज वेगळा. हिंदी गाणं घेतलं तर उर्दूतले ख़, ग़, ज़, फ़ नीट हवेत. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, परभणीत उर्दू जाणणारी माणसं शेजारीच असतात, त्यांच्याकडून एकदा शब्द म्हणवून घ्या. रीत अशी: गाणं वहीत मोठ्या अक्षरात लिहा, चाल न लावता संथ वाचून घ्या, श्वास घ्यायच्या जागी पेन्सिलीनं टिंब द्या. टिंब अर्थ तुटेल तिथं पडता कामा नये. एका ओळीत दोनदा श्वास लागत असेल तर लय थोडी वाढवा, ओळ तोडू नका.

ध्वनीवाला:
रेकॉर्डिंगचं सांगतो. आवाज घुमतो तो मोबाईलमुळं नाही, खोलीमुळं. फरशी, नवा गिलावा आणि मोकळ्या भिंती असलेला हॉल सगळ्यात वाईट, पत्र्याची खोली त्याहून वाईट. गाद्या-गोधड्या असलेली झोपायची खोली घ्या. गायकाच्या समोरच्या भिंतीवर, म्हणजे मोबाईलच्या मागं, दोन जाड गोधड्या टांगा, खाली सतरंजी, कपाटाची दारं उघडी. एवढ्यानं निम्मा घुमारा जातो. पंखा, कूलर, फ्रिज बंद. उन्हाळ्यात हे दुपारी शक्य नाही, तेव्हा पहाटे करा; त्या वेळी गल्लीतही शांतता असते.

मोबाईल तिच्या छातीच्या उंचीवर, साडेतीन-चार फुटांवर, टेबलावर किंवा स्टँडवर. हातात धरू नका. आडवा धरायचा की उभा ते अर्जात दिलेलं असतं. फ्लाइट मोडवर टाका. तानपुरा दुसऱ्या मोबाईलवर, गायकाच्या बाजूला, आवाज कमी. बरेच मोबाईल गोंगाट कमी करायच्या नादात तानपुऱ्यालाच गोंगाट समजून खातात, मग आवाज मध्येच फुगतो, मध्येच बसतो. तसं झालं तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ती सोय बंद करा किंवा तानपुरा आणखी हळू करा. आधी २० सेकंद रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर नव्हे.

ट्रॅक ऐकायला ब्लूटूथ इअरफोन अजिबात नको. त्यात आवाज उशिरा पोचतो, कधी कधी सेकंदाचा पाचवा भाग. लेकरू कानातल्या तालावर बरोबर गातं, पण रेकॉर्डिंगमध्ये मागं पडलेलं दिसतं. वायरचा इअरफोन, तोही एकाच कानात. दुसरा कान स्वतःच्या आवाजासाठी मोकळा. एको, ऑटोट्यून, काटछाट काही करू नका. पाठवताना व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर टाकून लिंक द्या.

पुढच्या फेरीत हातात माईक येईल. घरी पोळीच्या लाटण्यावर सराव केला तरी चालतो, पण अंतर ठरलेलं हवं: तोंडापासून दोन-तीन इंच, किंचित तिरका, म्हणजे प, फ, भ ची फुंकर थेट जाळीवर बसत नाही. वरच्या जोरदार सुराला पाच-सहा इंच लांब, खालच्या सुराला परत जवळ. जाळी मुठीत धरू नये, माईक शिट्टी मारतो. जागा घेताना मान हलते आणि माईक तिथंच राहतो, त्यामुळं नेमका कष्टाचा सूर ऐकूच येत नाही. मान आणि मनगट बरोबर हलायला पाहिजेत.

बालाघाट:
कागदपत्रांचं. जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाइड, आई-वडिलांचं संमतीपत्र, फोटो, प्रत्येकाच्या तीन-चार झेरॉक्स. आधारवरची आणि जन्मदाखल्यावरची तारीख जुळते का ते आत्ताच बघा, ऐनवेळी वयाच्या अटीवर अडकतं.

१४ वर्षांखालच्या मुलांनी टीव्हीवर काम करण्याबद्दल २०१७ साली केंद्र सरकारनं बालकामगार कायद्याचे नियम बदलले, ते पालकांना माहीत असावेत. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. निर्मात्यानं जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी काढायची असते. जास्तीत जास्त पाच मुलांमागं एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते. शिक्षणात खंड पडू नये ही जबाबदारी निर्मात्यावरही आहे. आणि लेकराच्या कमाईतली किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकावी लागते, ती सज्ञान झाल्यावर त्याला मिळते. करारावर सही करण्याआधी तो वकिलाला दाखवा. दुसरीकडं गाण्यावर किती महिने बंदी, रेकॉर्डिंगचे हक्क कुणाचे, ही दोन कलमं आधी वाचायची.

'डायरेक्ट दुसऱ्या फेरीत घेतो, एवढे पैसे टाका' असा फोन आला तर तो चोराचा समजा. वाहिनीच्या अधिकृत पानावर असेल तेवढंच खरं. ओटीपी कुणालाही नाही.

मांजराकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. हद्द आजच मोजते. एकच राहिलं: शाळेतून आली की तिचा आवाज बसलेला असतो, आणि संध्याकाळीच क्लास असतो. काय करावं?

काळी_पाच:
मधल्या सुट्टीतलं ओरडणं आणि प्रार्थनेला सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणणं, बहुतेक वेळा हीच कारणं. सराव सकाळी शाळेआधी २० मिनिटं घ्या. संध्याकाळी आवाज बसलेला असेल त्या दिवशी क्लासात नुसतं ऐकायचं, टाळी द्यायची, नोटेशन लिहायचं. बसलेल्या आवाजावर कुजबुजत बोलणंही नको, त्यानं ताण पडतो. हळू पण साध्या आवाजात बोलू द्या. दिवसभर घोटघोट पाणी, आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तर जास्तच. मुंबईला रात्रीच्या एसी डब्यातून नेणार असाल तर घशाभोवती ओढणी आणि उशाला पाण्याची बाटली ठेवा, आणि जमल्यास ऑडिशनच्या आदल्या दिवशीच पोचा. दोन आठवड्यांनंतरही आवाज घोगराच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. ओरडून ओरडून मुलांच्या स्वरतंतूंवर गाठी येतात. लवकर कळलं तर बहुतेक वेळा आवाज वापरायची सवय बदलूनच त्या जातात, पण त्या काळात रियाज लादला तर वाढतात. क्लासच्या सरांनाही हे आधीच सांगून ठेवा.