हाँटेड मॅन्शन राहिलं की!

डिस्नेलँडमध्ये ख्रिसमसला काय बघायचं, यावर वर सगळ्यांनी ख्रिसमस परेड आणि आतषबाजीबद्दल लिहिलंय, पण कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधल्या हाँटेड मॅन्शनचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? २००१ पासून हॅलोविनच्या आधीच ती राइड 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस' या ॲनिमेशन पिक्चरच्या थीममध्ये सजवतात आणि ते पार जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत राहतं, भुतांच्या वाड्यात पिक्चरचा हिरो जॅक (एक सांगाडा) सांताच्या लाल कपड्यात उभा असतो आणि बॉलरूममधल्या लांब टेबलावर जिंजरब्रेडचं मोठ्ठं घर, त्याचं डिझाइन दर सीझनला नवीन, मला तर तेच बघायला सगळ्यात जास्त आवडतं. पिक्चर (१९९३चा) आधी बघूनच जा, खरंच! गाणी डॅनी एल्फमनची आहेत आणि जॅकचा गातानाचा आवाजही त्याचाच, काय गायलाय. लहान मुलं सोबत असतील तर 'स्मॉल वर्ल्ड' ही बाहुल्यांची राइड पण करा, तिथल्या बाहुल्या ख्रिसमसला जिंगल बेल्स गातात.